बिंदू, त्रिकोण, चौकोन: अमूर्त चित्रातल्या आकारांना आध्यात्मिक अर्थ येतो कुठून?

पुण्यातल्याच एका चित्रकर्तीचा प्रश्न आहे. नोकरी सांभाळून त्या अमूर्त चित्रं काढतात आणि चित्रांत बिंदू, त्रिकोण, चौकोन पुन्हा पुन्हा येतात. प्रदर्शनात लोक अर्थ विचारतात, तेव्हा त्या ‘बिंदू म्हणजे ब्रह्म, त्रिकोण म्हणजे शक्ती’ असं सांगतात. ऐकणाऱ्याचं समाधान होतं, त्यांचं स्वतःचं होत नाही. ‘रझांच्या चित्रातही तोच बिंदू आहे, पण तिथे तो खरा वाटतो. मग आकाराला स्वतःचा आध्यात्मिक अर्थ असतो, की आपण तो वरून चिकटवतो? आणि हे नीट समजायला यंत्रशास्त्र, म्हणजे श्रीयंत्रासारख्या पूजेतल्या आकृत्यांचं शास्त्र, शिकावं का, दीक्षा घ्यावी का?’

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. आकाराच्या पोटात अर्थ भरून ठेवलेला नसतो. त्या आकाराशी माणूस काय करतो, किती काळ करतो, कोणत्या क्रमानं करतो, त्यातून अर्थ साचत जातो. परंपरेनं बिंदू-त्रिकोणाला जे अर्थ दिले ते खोटे नाहीत. पण ते आकार तिथे वापरात होते. आपण त्यांना वापरातून उचलून कॅनव्हासवर आणलं की अर्थ आपोआप मागून येत नाही. तो कॅनव्हासवर पुन्हा कमवावा लागतो. तुम्हाला तुमचंच उत्तर पोकळ वाटतं, ते इथे.

रझांपासूनच सुरुवात करू. सय्यद हैदर रझा यांचा जन्म 1922चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातला. वडील जंगलखात्यात. शाळेत या मुलाचं लक्ष एका जागी ठरेना, तेव्हा नंदलाल झरिया नावाच्या मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत बसायला सांगितलं. ही गोष्ट रझा आयुष्यभर सांगत आले आणि ती आता सगळ्यांना पाठ आहे. तिच्यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब मात्र सहसा सुटते. मास्तरांनी मुलाच्या हाती बिंदूचा अर्थ दिला नाही, त्याला एक काम दिलं. मन गोळा करण्याचं काम. ठिपका हे त्या कामाचं साधन होतं.

त्यानंतर नागपूरची कलाशाळा, मग मुंबईचं जे. जे., 1947मध्ये सूझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा चित्रकार-शिल्पकारांचा गट, 1950मध्ये फ्रान्स. पॅरिसला जाण्यापूर्वीचा एक प्रसंग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. 1948मध्ये काश्मीरमध्ये रझांची गाठ फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी पडली. त्यांनी चित्रं पाहिली आणि सांगितलं, हुशारी आहे पण बांधणी नाही. फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास कर. रझांनी तो सल्ला मनावर घेतला. पुढची कितीतरी वर्षं त्यांनी फ्रान्सची गावं, चर्चं, झाडं, टेकड्या रंगवल्या. 1956मध्ये तिथला समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. बिंदू त्यांच्या चित्राचा मुख्य विषय झाला तो 1980च्या आगेमागे, म्हणजे साठीच्या उंबरठ्यावर. मंडल्याच्या भिंतीवरचा ठिपका आणि कॅनव्हासवरचा बिंदू यांच्यामध्ये पन्नास वर्षांची बांधणीची मेहनत आहे. तुम्हाला ‘खरं’ वाटतं ते या मेहनतीचं वजन आहे.

त्यांचं 1983चं ‘सौराष्ट्र’ बघा. 200 बाय 200 सेंटिमीटरचा चौरस कॅनव्हास, ॲक्रिलिक. 2010मध्ये लंडनच्या लिलावात सोळा कोटींहून जास्त किंमत आली म्हणून ते बातम्यांत गाजलं, पण किमतीचं सोडून द्या. चित्राचे आडव्या-उभ्या पट्ट्यांनी भाग पाडलेले आहेत, राजस्थानी लघुचित्रांना असतात तसे कप्पे आणि किनारी. कप्प्यांच्या आत मात्र भूमिती नाही. तिथे लाल, केशरी, पिवळा, मातकट असा ब्रश मोकळा फिरलेला आहे, उन्हात तापलेल्या मुलखासारखा. आणि एका चौकटीत काळं वर्तुळ. सगळीकडे हालचाल, आणि ही एकच जागा थांबलेली. डोळा रंगांत भटकतो, दमतो, वर्तुळापाशी येऊन टेकतो, पुन्हा निघतो. मंडल्याच्या शाळेत त्या मुलाच्या मनाचं जे झालं असेल, तेच इथे बघणाऱ्याच्या डोळ्याचं होतं. बिंदू म्हणजे काय हे या चित्रात कुणी सांगत नाही. चित्र ते आपल्याकडून करून घेतं.

आता परंपरेकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाची खरी मेख तिथे आहे.

जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. पुढच्या वेळी चित्रकाराच्या नजरेनं जा. आठव्या शतकातलं हे लेणं. अंगणात उतरलं की समोर नंदीमंडप: गोल, सपाट छताचा, छत्रीसारखा, जाडजूड खांबांवर तोललेला, त्याच कातळातून कोरलेला. त्याच्यामागे लेण्याची आडवी, सरळ रेघेतली दर्शनी बाजू, चौकोनी खांबांची रांग. आणि आत गाभाऱ्यात पुन्हा गोलाई, पिंडीची. गोल, चौकोन, गोल. कागदावर हा आराखडा काढलात तर एक बरी रचना होईल, बस. पण तिथे तुम्ही गोलाला वळसा घालून जाता, रांगेतून आत शिरता, उजेडातून अंधारात जाता आणि मग पुन्हा गोलासमोर वाकता. आकार तुमच्या पायांना कामाला लावतात.

शिवलिंगाची शास्त्रोक्त घडणही अशीच आहे. आगमांत, म्हणजे देऊळ आणि पूजेच्या शास्त्रग्रंथांत, त्याचे तीन भाग सांगितलेत. तळाचा चौकोनी तो ब्रह्मभाग, मधला अष्टकोनी तो विष्णुभाग, वरचा गोल तो रुद्रभाग. चौकोनाचे कोपरे छाटले की अष्टकोन होतो, अष्टकोनाचे छाटत गेलं की गोल. दगड घडवणाऱ्याला हा क्रम हातानं माहीत असतो. बाहेरून दिसतो तो बहुधा वरचा गोल भाग, बाकीचे दोन पीठात आणि जमिनीत. दिसणाऱ्या गोलाखाली न दिसणारा चौकोन उभा आहे, हे चित्रकारानं लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याकडे पुढे येतो.

कार्ल्याच्या चैत्यगृहातला स्तूप घ्या. खाली गोल पीठ, त्यावर घुमट, त्यावर चौकोनी पेटीसारखी हर्मिका, वर लाकडी छत्र, जे इतक्या शतकांनंतरही टिकून आहे. खांबांच्या मागून प्रदक्षिणेची वाट. वाट काढून टाका आणि तोच स्तूप चौथऱ्यावर मांडा. आकार तोच राहील, अर्थाचा मोठा हिस्सा जाईल. वारली लग्नातला चौक हेच सांगतो. तो सवाशिणींनी काढायचा, तांदळाच्या पिठानं, घराच्या आतल्या भिंतीवर, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांसह. भिंतीवरचा तो चौकोन लग्नविधीचा भाग आहे. तोच चौकोन ट्रेवर किंवा कुर्त्यावर छापला की नक्षी उरते. नक्षीला मी कमी लेखत नाही, पण ती निराळी वस्तू.

श्रीयंत्राबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या बहुतेक भौमितिक चित्रांना त्याचा आधार घ्यायची सवय लागली आहे. नऊ मोठे त्रिकोण. चार वर टोक केलेले, ते शिवाचे. पाच खाली टोक केलेले, ते शक्तीचे. त्यांच्या छेदांतून त्रेचाळीस लहान त्रिकोण तयार होतात. मध्ये बिंदू. बाहेर आठ पाकळ्या, मग सोळा पाकळ्या, मग वर्तुळं, आणि सगळ्यांना धरून ठेवणारा चार दारांचा चौकोन, भूपुर. छापील चित्र बघून हे कळत नाही. पट्टी आणि कंपास घेऊन एकदा काढायला बसा. तीन रेघा जिथे एका जागी भेटायला हव्यात तिथे त्या भेटत नाहीत. एक बिंदू साधला की दुसरा सुटतो. एक त्रिकोण किंचित खाली सरकवला तर बाकीच्या आठांना त्याची झळ लागते. ‘सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे’ हे वाक्य वाचणं निराळं आणि ती गुंतागुंत बोटांना जाणवणं निराळं.

शिवाय यंत्राला क्रम आहे. बिंदूपासून बाहेर जायचं तो सृष्टिक्रम, भूपुरापासून आत यायचं तो संहारक्रम. आकृती एकच, वाटा दोन, आणि वाट बदलली की अर्थ उलटा होतो. त्यामुळे ‘बिंदू म्हणजे काय?’ या प्रश्नाला परंपरेतसुद्धा एका शब्दाचं उत्तर नाही. बाहेर निघणाऱ्यासाठी तो उगम, आत येणाऱ्यासाठी मुक्काम.

आकारांचा ठरलेला अर्थ असतो असं मानणाऱ्यांसमोर मी नेहमी दोन तक्ते मांडतो. पहिला आपला, पंचमहाभूतांचा. पृथ्वी म्हणजे पिवळा चौकोन, जल म्हणजे पांढरी चंद्रकोर, अग्नी म्हणजे लाल त्रिकोण, वायू धुरकट षट्कोन, आणि आकाशाला वर्तुळ किंवा बिंदू. ग्रंथागणिक थोडा फरक पडतो, पण चौकोन पिवळा आणि त्रिकोण लाल हे बहुतेक ठिकाणी पक्कं. दुसरा तक्ता रशियन चित्रकार कांडिन्स्कीचा. अमूर्त चित्रकलेतल्या आध्यात्मिकतेवर त्यानं 1911च्या सुमाराला पुस्तक लिहिलं आणि पुढे जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत शिकवताना ठाम सांगितलं की त्रिकोण पिवळा, चौकोन लाल, वर्तुळ निळं. त्यावर तिथे प्रश्नावलीही फिरवली होती. म्हणजे आपल्याकडे त्रिकोण लाल आणि चौकोन पिवळा, तर तिकडे बरोब्बर उलट. दोन्हीकडची माणसं गंभीर होती, दोघांनाही अध्यात्माची ओढ होती. अर्थ आकारात आणि रंगात जन्मजात असता तर असं झालं नसतं.

मात्र दोघांत एक गोष्ट समान आहे, आणि मला ती अर्थांच्या यादीपेक्षा मोलाची वाटते: आकाराला ताण असतो, वजन असतं, दिशा असते. कांडिन्स्की त्याच्याबद्दल लिहितो, आपला शिल्पी त्याच्यावर काम करतो. त्रिकोणाला टोक आहे म्हणून तो कुठे तरी निघालेला असतो. चौकोन बसलेला असतो. वर्तुळाला वर-खाली नाही, त्यामुळे ते एक तर तरंगतं, नाही तर फिरतं. हे शरीराला कळतं, त्यासाठी कोणतंही शास्त्र वाचलेलं नसलं तरी चालतं. अर्थाचं पहिलं बीज इथे आहे. पुढचं सगळं माणसांनी त्याच्याभोवती वाढवलं.

युरोपातल्या भूमितीप्रधान चित्रकलेला अध्यात्माचं जे वेड लागलं त्यातला काही भाग आपल्याकडूनच गेला होता, हेही जाता जाता सांगायला हवं. डच चित्रकार मोंद्रियान 1909मध्ये थिऑसॉफिकल सोसायटी या अध्यात्मविचाराच्या संस्थेचा सभासद झाला, आणि तिचं मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला. स्वीडनमधली हिल्मा आफ क्लिंत 1906पासून वर्तुळं, सर्पिल आणि त्रिकोण घेऊन प्रचंड चित्रं करत होती. आणि रशियन चित्रकार मालेविचचा 1915चा काळा चौकोन. पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात त्यानं तो खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, भिंती मिळतात तिथे टांगला. रशियन घरांत त्या कोपऱ्यात देवाची प्रतिमा असते. त्या चौकोनाला अर्थ मिळाला तो जागेमुळे. तोच चौकोन समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावला असता तर इतका हादरा बसला नसता. पुन्हा तेच: आकार कुठे ठेवला, बघणाऱ्याला मान कुठे वळवावी लागली.

मग कॅनव्हासवर काय करायचं? देवळात पाय चालतात, पूजेत हात चालतात. चित्रासमोर माणूस एका जागी उभा असतो, म्हणून डोळ्याला चालायला लावावं लागतं. तुमच्या चित्रात डोळ्यासाठी प्रदक्षिणेची वाट हवी. ती नसेल तर बिंदू कितीही शास्त्रशुद्ध असो, तो ठिपकाच राहतो.

हे बोलून कळणार नाही, करून बघा. दोन फूट बाय दोन फूट चौरस कॅनव्हास घ्या, पांढरा जेसो, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, दिलेला. काळ्या कागदाची सहा इंच व्यासाची चकती कापा. कर्ण काढून तिचं केंद्र बरोब्बर मधोमध ठेवा आणि आठ-दहा फूट मागे जा. चकती किंचित खाली घसरल्यासारखी दिसेल, कारण डोळ्याचा मध्य मोजमापाच्या मध्यापेक्षा जरा वर असतो. अर्धा इंच वर सरकवा, ती स्थिरावेल. आता तळाशी न्या. ती जड होईल, बीज पडल्यासारखी. वरच्या कडेजवळ न्या, सूर्य होईल, आणि चौरसाचा उरलेला भाग आपोआप जमीन होईल. उजव्या कडेला चिकटवा, ती बाहेर पडायच्या बेतात दिसेल आणि बघणारा अस्वस्थ होईल. एकच चकती, एकच काळा, चार निरनिराळे अनुभव. ‘बिंदू म्हणजे ब्रह्म’ हे यातल्या कोणत्या जागेला लागू करायचं? ते ठरवणं हे तुमचं काम आहे, आणि ते कॅनव्हाससमोरच होतं.

त्रिकोणाचं गणित आणखी फसवं आहे. वर टोक असलेल्या त्रिकोणाची उंची बारा इंच असेल तर त्याचं वजन पायापासून चार इंचांवर असतं, सहावर नाही. उंचीचा मध्य धरून तो कॅनव्हासच्या मधोमध बसवलात तर त्याचा भार दोन इंच खाली पडतो आणि तो खचलेला दिसतो. अग्नी वर जायला हवा आणि चित्रात तो बसकण मारतो. खाली टोक असलेला त्रिकोण याच्या उलट. त्याचा भार वर, टेकायला एक टोक, त्यामुळे तो सतत कलंडेल की काय अशी धास्ती असते. परंपरेनं शक्तीसाठी, प्रसवासाठी हाच त्रिकोण निवडला, आणि चित्रकार म्हणून मला ती निवड फार अचूक वाटते. स्थिर राहू न शकणाऱ्या आकारातूनच काही तरी जन्माला येईल असं वाटतं. तुमच्या चित्रात शक्तीचा त्रिकोण असेल तर ती धास्ती त्यात दिसते का, एवढंच तपासा. तो चारही बाजूंनी छान टेकू देऊन सुरक्षित बसवलेला असेल तर शीर्षकात ‘शक्ती’ लिहून काही होणार नाही.

चौकोनाचं थोडक्यात सांगतो. तो बसलेला आहे तोवर पृथ्वी. टोकावर उभा केला की तो मोठा दिसायला लागतो, कारण त्याचा कर्ण बाजूच्या जवळजवळ 1.41 पट असतो, आणि त्याची सगळी शांतता जाते. आणि कॅनव्हास स्वतः एक चौकोन आहे हे विसरू नका. आडव्या कॅनव्हासवर डोळा लगेच क्षितिज शोधतो आणि तुमचा बिंदू सूर्य-चंद्र होऊन बसतो. चौरस कॅनव्हास तसं होऊ देत नाही. शिवलिंगातल्या न दिसणाऱ्या चौकोनाचं मी मघाशी म्हटलं ते यासाठी. वर्तुळाखाली चौकोनी बांधणी असेल तरच वर्तुळ उभं राहतं, मग ती दिसो वा न दिसो.

कड आणि काळा रंग, या दोन गोष्टींकडे नवीन चित्रकारांचं सगळ्यांत कमी लक्ष असतं. मास्किंग टेप लावून काढलेली कड धारदार येते. पांढऱ्यावर धारदार काळं वर्तुळ हे बऱ्याचदा भोक वाटतं, भिंतीला पाडलेलं. तुम्हाला शून्य दाखवायचं असेल तर ते योग्यच. पण बीज दाखवायचं असेल तर भोक चालणार नाही, आत काही तरी भरलेलं वाटायला हवं. तेव्हा कड हातानं काढा. खिळा आणि दोरा लावून पेन्सिलीनं वर्तुळ आखा आणि मग फ्लॅट ब्रशनं, खांद्यापासून हात फिरवत रंगवा. हाताची किंचित थरथर त्या कडेला जिवंत ठेवते. काळा ट्यूबमधून सरळ काढू नका. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर मिसळून काळा तयार करा, एका थरात निळ्याकडे झुकणारा, पुढच्या थरात तपकिरीकडे. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, त्यामुळे ओला असताना रंग जरा फिका वाटला तरी घाबरू नका. असे चार-पाच थर पातळ देत गेलात की लांबून तो काळाच दिसतो, पण जवळ आलं की आत खोली उघडते. रझा काळ्याला सगळ्या रंगांची आई मानत. ते पटायचं असेल तर काळा असा रंगांतून बनवायला हवा. बाटलीतला तयार काळा लावून ते विधान नुसतं ऐकीव राहतं.

रझांच्या बिंदूभोवती अनेकदा वर्तुळांमागून वर्तुळं असतात, काळ्यातून करड्यात, करड्यातून रंगात किंवा पांढऱ्यात जाणारी. ही डोळ्याची वाट आहे. प्रत्येक वर्तुळाची छटा मागच्यापेक्षा किती फिकी, हे अंतर समान ठेवलं तर गती एकसारखी राहते. मध्येच एक पायरी मोठी घेतली तर डोळा अडखळतो. कधी तसं मुद्दाम करावं लागतं. पण ते तुम्ही ठरवलेलं असावं, रंग संपला म्हणून झालेलं नको.

आता एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आध्यात्मिक चित्र म्हणजे भौमितिक चित्र हे समीकरण आपल्याकडे फार घट्ट झालं आहे, आणि त्यानं बऱ्याच चांगल्या हातांचं नुकसान झालं आहे. वासुदेव गायतोंडे बघा. नागपूरला 1924मध्ये जन्मलेले, जे. जे.मध्ये शिकलेले, झेन विचारानं आणि रमण महर्षींच्या, निसर्गदत्त महाराजांच्या शिकवणीनं खोलवर प्रभावित झालेले. त्यांच्या प्रौढ चित्रांत बिंदू नाही, त्रिकोण नाही, यंत्र नाही. रोलर आणि पॅलेट नाइफनं लावलेले, खरवडलेले, पुन्हा लावलेले रंगाचे थर, आणि त्यांत कुठे कुठे लिपीसारख्या पण वाचता न येणाऱ्या खुणा. आपल्या चित्रांना ते अमूर्तसुद्धा म्हणत नसत. आणि तरी त्यांच्या चित्रासमोर जी शांतता होते ती फार थोड्या चित्रांसमोर होते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं 2014मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते त्या थरांच्या बळावर.

दुसरं उदाहरण प्रभाकर बरवे. अलिबागजवळच्या नागावचे. विणकर सेवा केंद्राच्या नोकरीमुळे साठच्या दशकात बनारसला राहिले, तिथे तांत्रिक, म्हणजे तंत्रमार्गातल्या, प्रतिमांचा त्यांच्यावर दाट प्रभाव पडला आणि त्यांनी तशी चित्रंही केली. पण तिथेच थांबले असते तर बरवे झाले नसते. पुढे त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, किल्ली अशा रोजच्या वस्तू आल्या, रिकाम्या अवकाशात जणू स्वतःशीच विचार करत असलेल्या. तंत्रानं त्यांना शिकवलं ते अवकाशात वस्तू कशी ठेवायची हे. ते शिकून झाल्यावर त्यांनी तंत्राच्या खुणा खाली ठेवल्या. माझ्या मते प्रभाव पचवण्याचा याहून चांगला नमुना मराठी चित्रकलेत नाही. शंकर पळशीकरांनी मात्र तांत्रिक प्रतिमांशी शेवटपर्यंत नातं ठेवलं आणि जे. जे.मध्ये शिकवताना कित्येकांना त्या दिशेनं विचार करायला लावलं. दोन्ही वाटा खऱ्या. तुमची कोणती, हे चित्र करत करत कळेल.

प्रदर्शनात काय सांगायचं हा तुमचा रोजचा प्रश्न. अर्थाची यादी सांगू नका. ती सांगितली की माणूस मान डोलावतो आणि चित्राकडे बघणं थांबवतो, कारण त्याला उत्तर मिळालेलं असतं. त्यापेक्षा तुम्ही काय केलंत ते सांगा. ‘हा काळा चार थरांचा आहे, जरा जवळ येऊन बघा.’ ‘हे वर्तुळ मध्यापासून थोडं वर आहे, ते खाली असतं तर जड झालं असतं.’ बालगंधर्वच्या किंवा घोले रोडच्या कलादालनात येणारा माणूस साधा असतो, पण बघायला लावलं की बघतो. कुणी विचारेल, ‘हे घरात लावलं तर पॉझिटिव्ह एनर्जी येईल का, पूर्वेच्या भिंतीवर चालेल का?’ त्याच्यावर रागावू नका. त्याला चित्रातून काही तरी हवं आहे, आणि ती मागणी मुळात वाईट नाही. पण वास्तूची हमी देऊ नका. चित्रासमोर दोन मिनिटं उभं राहायला सांगा आणि आपण बाजूला व्हा. शीर्षक द्यायचं तर साधं द्या. रझांनी ‘अंकुरण’, ‘पंचतत्त्व’ अशी शीर्षकं दिली कारण त्यांची चित्रं ती पेलत होती. तुमचं चित्र ‘महाशून्य’ पेलतं का, हे चित्र भिंतीला लावून आठवडाभर बघितल्यावर ठरवा.

मांडणीबद्दलही एक सांगायचं. भौमितिक चित्रं शेजारी शेजारी गर्दीनं लावली की एकाचा बिंदू दुसऱ्याच्या बिंदूला ओढतो आणि दोन्ही फुकट जातात. चित्रं कमी लावा. चार फुटी चित्राभोवती निदान तेवढीच मोकळी भिंत सोडा, आणि चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला येऊ द्या. स्पॉटलाइट थेट बिंदूवर मारू नका. काळा भाग चमकला की थरांची सगळी मेहनत दिसेनाशी होते.

यंत्रशास्त्र शिकावं का, दीक्षा घ्यावी का, असं तुम्ही विचारलंत. दीक्षा हा तुमचा आणि तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. चित्र सुधारावं म्हणून दीक्षा घेऊ नये, ते दोन्हींवर अन्याय करणारं आहे. यंत्र मात्र जरूर काढा, आणि छापील प्रतीवरून गिरवू नका. कोऱ्या कार्डशीटवर, पट्टी, कंपास आणि टोकदार पेन्सिल घेऊन, आतून बाहेर एकदा आणि बाहेरून आत एकदा. शेवटच्या रेघा जुळेपर्यंत खोडत राहा. ते कागद प्रदर्शनात लावायचे नाहीत, विकायचे नाहीत. नंतर थोडे दिवस जाऊ द्या आणि तुमचा नेहमीचा चौरस कॅनव्हास घ्या. त्यावर यंत्र काढू नका, फक्त पहिली रेघ कुठून सुरू करायची आणि आत जायचं आहे की बाहेर, एवढं ठरवून कामाला लागा.